नसबंदीचं लक्ष्य १९९६ सालीच गेलं ना? मग शिबिरांत जानेवारी ते मार्चची ही गर्दी कसली?

जुनीफाईल
एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंब नियोजनातली पद्धतवार (नसबंदी किती, कॉपर टी किती अशी) उद्दिष्टं देशभर काढून टाकली. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेचा तो परिणाम. नाव होतं ‘लक्ष्यमुक्त दृष्टिकोन’. गंमत अशी की आपल्या मध्य प्रदेशात एएनएमच्या (उपकेंद्रावरच्या परिचारिकेच्या) हातात मूल होण्याच्या वयातल्या दांपत्यांची जी वही असते, तिचं नाव आजही ‘लक्ष्य दंपति’ रजिस्टर. लक्ष्य गेलं, दांपत्य मात्र लक्ष्यच राहिलं.

लक्ष्याच्या जागी जो शब्द आला तो ईएलए, म्हणजे ‘अपेक्षित उपलब्धीची पातळी’. कल्पना वाईट नव्हती. मैदानी भागात एका उपकेंद्राखाली साधारण ५,००० लोकसंख्या. हजारी १५० ते १८० पात्र दांपत्यं धरली तर ७५० ते ९०० घरं. एएनएम आणि आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) यांनी एप्रिलमध्ये घरोघर जायचं, कुणाला मूल हवंय, कुणाला दोन-तीन वर्षं थांबायचंय, कुणाला आता अजिबात नको, हे नोंदवायचं. त्या बेरजेतून उपकेंद्राची गरज निघते. उपकेंद्रांची बेरीज ब्लॉकची, ब्लॉकांची जिल्ह्याची. म्हणजे आकडा खालून वर जायला हवा.

प्रत्यक्षात तो वरून खाली येतो. मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात थोडी भर घालायची, ब्लॉकांना वाटून द्यायचा. एप्रिल ते सप्टेंबर कुणी विचारत नाही. डिसेंबरच्या आढावा बैठकीत ‘टक्केवारी’ निघते आणि मग मार्चअखेरपर्यंत ‘केस’ आणायची धावपळ. थंडीत टाके लवकर भरतात हा बायकांमधला समज आणि आर्थिक वर्षाची अखेर, दोन्ही एकाच तिमाहीत येतात. शिबिरातली गर्दी त्यातून.

आता पैशाकडे बघा. आपल्या राज्याला लागू असलेले २०१४ चे केंद्राचे दर असे: स्त्रीच्या नसबंदीला तिला १,४०० रुपये आणि प्रेरकाला (तिला तयार करून आणणाऱ्याला) २००, बाळंतपणानंतर लगेच केली तर २,२०० आणि ३००, पुरुषाच्या नसबंदीला २,००० आणि ३००. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘मिशन परिवार विकास’ आलं. त्यातल्या १४६ जिल्ह्यांत (आपल्या राज्यातले २५) हेच दर वाढून स्त्रीला २,०००, पुरुषाला ३,००० झाले. दुसऱ्या बाजूला आशाने घरपोच निरोध दिला तर तीनच्या पाकिटामागे १ रुपया, माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटामागे १ रुपया, तातडीच्या गोळीला २. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर आशाला ५०० रुपये आहेत, पण ते दोन वर्षांनी, तेही कागद जुळले तर. ऑपरेशनचे २०० महिन्याभरात. आशाने काय सुचवावं अशी अपेक्षा आहे?

चर्चा धोरणाची आणि व्यवहाराची व्हावी. भाषणं नकोत. आकडा द्याल तो खात्रीचा द्या.

लष्करवाली
काका, धागा वेळेवर काढलात. एक दुवा जोडते, कारण त्याशिवाय ‘पुरुष का येत नाहीत’ हे कळत नाही.

हा कार्यक्रम मुळात पुरुषांचा होता. १९५२ मध्ये सरकारी कुटुंब नियोजन सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचा ‘लूप’ आला, घाईघाईने बसवला, रक्तस्रावाच्या तक्रारी आल्या तेव्हा मागे बघायला कुणी नव्हतं, आणि दोन-तीन वर्षांत बायकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मग भर आला पुरुष नसबंदीवर. केरळात एर्नाकुलमला जुलै १९७१ च्या एका महिन्याच्या शिबिरात ६३ हजारांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. त्या शिबिराचं देशभर कौतुक झालं, आणि ‘मोठं शिबिर, मोठा आकडा’ हा साचा तिथून पक्का झाला.

१९७६-७७ मध्ये, आणीबाणीत, देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंद्या, त्यातल्या साधारण ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षकांचे पगार अडवले, रेशनकार्ड अडवलं, हरियाणातल्या उटावडसारख्या गावाला पोलिसांनी वेढा घातला. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने नसबंदीशी जोडलेले १,७७४ मृत्यू नोंदवले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. ‘सक्ती उत्तरेतच झाली’ असं पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणाले की हे सांगत जा.

पुढच्या वर्षी आकडा दहा लाखांच्या खाली. सरकार पडलं, खात्याचं नाव ‘परिवार नियोजन’ बदलून ‘परिवार कल्याण’ झालं, आणि राजकारण्यांनी धडा घेतला. पण कुठला? सक्ती वाईट, हा नव्हे. पुरुषांना हात लावला तर मतं जातात, हा. ऐंशीच्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया (लॅप्रोस्कोपी) गावोगाव पोचली आणि अख्खा कार्यक्रम बायकांच्या पोटावर सरकला. तो तिथेच आहे.

चंबळचं_पाणी
+१. आपल्या भागाचं खास उदाहरण द्यायला हवं. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत जिल्हा प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना काढली होती. चंबळमध्ये खांद्यावर बंदूक म्हणजे मर्दानगी. नसबंदीने मर्दानगी जाते असं वाटत असेल तर ती दुसरीकडून भरून देऊ, असा सरळ हिशेब. जगभर बातमी झाली. हसू येतं, पण त्यामागचं गृहीतक बघा: माणूस शस्त्रक्रियेला का घाबरतो ते कुणी विचारलं नाही, आमिष बदललं फक्त.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. राज्याच्या आरोग्य मिशनने परिपत्रक काढलं की ज्या पुरुष आरोग्य कार्यकर्त्याने वर्षभरात एकही पुरुष नसबंदीची केस आणली नाही, त्याला ‘काम नाही तर पगार नाही’, आणि पुढे सक्तीची निवृत्ती. पत्र ११ तारखेचं. गदारोळ झाला, आणीबाणीची आठवण निघाली, दहा दिवसांत मागे घेतलं, अधिकाऱ्याची बदली झाली. पण असं पत्र निघू शकतं याचा अर्थच हा की मनात टारगेट जिवंत आहे.

पाटणकरबाजार
विरोधी सूर लावतो, राग नसावा. टारगेट नको म्हणणं सोपं. लसीकरणाला टारगेट चालतं, मोतीबिंदूला चालतं, मग इथेच काय बिघडलं? १९९६ नंतर पहिली एक-दोन वर्षं अनेक राज्यांत कामच थांबलं होतं, कारण ‘आकडा नाही तर काम नाही’ असा अर्थ खाली पोचला. मोजणार नसाल तर कर्मचारी हलणार कसा?

जुनीफाईल
प्रश्न रास्त आहे. फरक असा: लस प्रत्येक मुलाला हवीच असते, नसबंदी प्रत्येकाला नको असते. ‘किती जणींना केली’ मोजलं की ज्यांना नको होती त्याही मोजल्या जातात. मोजाच, पण दुसरं मोजा. मूल नको किंवा इतक्यात नको, तरी कुठलंच साधन वापरत नाहीत, अशा बायका किती? देशात हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ प्रमाणे ९.४ टक्के. केंद्रावर कॉपर टी, अंतरा (इंजेक्शन), छाया (आठवड्याची गोळी), निरोध, गोळ्या या पाचही गोष्टी महिन्यातले किती दिवस शिल्लक होत्या? कॉपर टी बसवलेल्यांपैकी सहा आठवड्यांनी तपासणीला किती आल्या? त्रास होतोय म्हणून काढून मागितली तेव्हा किती जणींची त्याच दिवशी काढली? यातला एकही आकडा आढावा बैठकीत पडद्यावर येत नाही.

याच पाहणीत (२०१९-२१) आधुनिक साधनं वापरणारी दांपत्यं ५६.५ टक्के. त्यात स्त्री नसबंदी ३७.९, पुरुष नसबंदी ०.३. दर तीन वापरणाऱ्यांत दोन ऑपरेशनवाल्या. निवड खुली असलेल्या कुठल्याही बाजारात असं प्रमाण दिसत नाही.

सुईदोरा
राजकारण तुम्ही सांभाळा, मी टेबलापाशी काय बिघडतं ते लिहिते. दोन्हींचा संबंध आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची केंद्राची मर्यादा: एका पथकाने दिवसात जास्तीत जास्त ३०, तेही तीन लॅप्रोस्कोप असतील तर. म्हणजे एका दुर्बिणीमागे १०. ही मर्यादा कुणी हवेतून काढलेली नाही. प्रत्येक केसनंतर दुर्बीण पुसून, धुवून २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये पूर्ण २० मिनिटं बुडवायची, मग निर्जंतुक पाण्याने नीट खंगाळायची. औषधाचा अंश राहिला तर पोटाचा आतला पडदा भाजल्यासारखा होतो. शस्त्रक्रियेची दहा मिनिटं धरली तरी एक फेरी अर्ध्या तासाची. १० केस म्हणजे पाच तास.

आता छत्तीसगडचं बिलासपूर. ८ नोव्हेंबर २०१४, एका बंद पडलेल्या खासगी इस्पितळात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. १३ दगावल्या. पुढे भेसळीच्या गोळ्यांचा संशय आला, त्यावर वाद झाले. पण गोळ्या बाजूला ठेवल्या तरी ८३ चं गणित त्या २० मिनिटांत बसतच नाही. बुडवणं गाळल्याशिवाय तो आकडा होत नाही. आकड्याची घाई थेट बादलीत उतरते ती अशी.

बाकी नेहमी घसरणाऱ्या जागा:

द्रावण एकदा तयार केलं की १४ दिवसांपेक्षा जास्त वापरायचं नाही, गढूळ झालं तर त्याआधीच टाकायचं. बादलीवर तयार केल्याची तारीख लिहिलेली नसेल तर समजून जा.

मासिक पाळीच्या पहिल्या सात दिवसांत करायची, नाहीतर लघवीची गर्भचाचणी करूनही अगदी सुरुवातीचा गर्भ निसटतो. नंतर ‘ऑपरेशन फेल’ म्हणून जे येतं त्यातलं काही असं आधीचंच असतं. शिबिराच्या तारखा पाळीनुसार ठरत नाहीत, सर्जनच्या सोयीने ठरतात. हे शिबिराचं मूळ दुखणं.

हिमोग्लोबिन किमान ७. आपल्याकडे ८-९ वाल्या भरपूर येतात, पण ६.५ ला ‘सात लिहा’ असं कुणी म्हटलं तर नर्सने पेन खाली ठेवावं.

बीजनलिका आवळून बंद करणाऱ्या रिंग आधीपासून ताणून चढवून ठेवल्या तर त्यांची लवचिकता जाते आणि नळीवर घट्ट बसत नाहीत. ‘वेळ वाचतो’ म्हणून सकाळीच चढवतात. शिवाय घाईत रिंग नळीऐवजी शेजारच्या अस्थिबंधावर बसते. दोन्ही बाजूंना नळीचं झालरीसारखं टोक पाहून खात्री करायची असते. त्याला एक मिनिट लागतं, आणि तेच मिनिट जातं.

बाळंतपणानंतर सात दिवसांत करायची तर छोटा छेद घेऊन, म्हणजे मिनिलॅप. दुर्बिणीची सहा आठवडे नाही. मिनिलॅप प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टर करू शकतो, दुर्बिणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सर्जन लागतो. तरी सगळ्यांना ‘दुर्बीणवाली’ हवी असते, कारण टाका एकच.

नवखा_ग्वाल्हेरी
सुईदोरा ताई, दोन साधे प्रश्न. बायकोच्या नसबंदीला नवऱ्याची सही लागते का? सगळे हो म्हणतात. आणि ऑपरेशननंतर दिवस गेले तर काय करायचं?

सुईदोरा
नवऱ्याची सही लागत नाही. केंद्राच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. अटी एवढ्याच: विवाहित किंवा कधीकाळी विवाहित, स्त्री २२ ते ४९ वर्षांची, किमान एक मूल वर्षापेक्षा मोठं, जोडीदाराची आधी नसबंदी झालेली नसावी (ती फसली असेल तर चालते), आणि निर्णय समजून घेण्याइतकं मन ठीक. संमतिपत्र तिला समजेल त्या भाषेत वाचून दाखवायचं. भूल दिल्यावर किंवा कळा चालू असताना सही घ्यायची नाही. बाळंतपणाच्या टेबलावर ‘यहाँ अंगूठा लगाओ’ म्हणून घेतलेली संमती ही संमती नव्हेच. प्रसूतीनंतर ४८ तासांत बसवायच्या कॉपर टीलाही हेच लागू. न सांगता बसवली, घरी जाऊन महिन्यांनी कळलं, या तक्रारी त्यातून येतात. डिस्चार्ज कार्डावर कॉपर टीचा प्रकार आणि तारीख लिहून घ्या: ३८०ए असेल तर १० वर्षं, ३७५ असेल तर ५.

दुसरा प्रश्न दौलतगंज चांगला सांगतील.

दौलतगंज_४२
सांगतो. नसबंदी फसणं म्हणजे दर वेळी निष्काळजीपणा नव्हे. चांगल्या हातानेही पहिल्या वर्षात हजारात साधारण ५ फसतात. म्हणून त्याची भरपाई मिळवायला डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही. परिवार नियोजन क्षतिपूर्ती योजना आहे: आधी विम्यावर चालायची, १ एप्रिल २०१३ पासून सरकार स्वतः देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रकमा दुप्पट करायला लावल्या. त्यानंतर: रुग्णालयात किंवा घरी गेल्यावर ७ दिवसांत मृत्यू झाला तर ४ लाख, ८ ते ३० दिवसांत १ लाख, नसबंदी फसली तर ६०,०००, गुंतागुंतीच्या उपचाराला ५०,००० पर्यंत.

माणसं अडकतात ती इथे.

मुदत ९० दिवसांची, आणि फसल्याचं निदान झालं तेव्हापासून. बरेच लोक बाळंत होईपर्यंत थांबतात आणि मुदत उलटते.

संमतिपत्रात एक ओळ असते: पाळी चुकली तर दोन आठवड्यांत कळवीन आणि हवा असल्यास मोफत गर्भपात करून घेईन. ती वाचून दाखवत नाहीत. उशिरा गेलात की ती ओळ पुढे करतात.

कागद: नसबंदीचं प्रमाणपत्र, संमतिपत्राची प्रत, गर्भ असल्याचा लघवीचा किंवा सोनोग्राफीचा अहवाल, बँक खात्याचा तपशील. सगळं जिथे ऑपरेशन झालं तिथून सीएमएचओकडे (जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडे), आणि तिथून जिल्हा गुणवत्ता समितीकडे जातं. सगळ्यांत जास्त अडतं ते प्रमाणपत्रावर. स्त्रीला ते महिन्याने किंवा पुढची पाळी आल्यावर मिळतं, त्याच दिवशी नाही. पैसे खात्यात आले की कुणी परत जात नाही. जा आणि घेऊन या, लॅमिनेट करू नका, फोटोप्रत ठेवा.

गर्भपाताबद्दल: साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ हे १९७१ च्या कायद्यात कारण होतंच, पण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ अशी भाषा होती. २०२१ च्या दुरुस्तीत ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ झालं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं.

पाटणकरबाजार
हा प्रतिसाद छापून उपकेंद्राच्या भिंतीवर लावावा. टारगेटबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण मोजायचं काय यावर जुनीफाईलशी सहमत.

कंपूकोठी
साधनांकडे वळतो, कारण ‘निवड वाढवली’ हा सरकारचा दावा अंतरा आणि छायावर उभा आहे.

अंतरा म्हणजे डीएमपीए, १५० मिग्रॅचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. सरकारी कार्यक्रमात २०१७ मध्ये आलं. खासगी बाजारात परवानगी १९९३ पासून होती. मधली २४ वर्षं हे राजकारण आहे. ऐंशीच्या दशकात नेट-एन या दुसऱ्या इंजेक्शनच्या चाचण्यांत बायकांना नीट माहिती दिली जात नाही म्हणून महिला संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. त्यांना औषधाचं वैर नव्हतं. एकदा टोचलं की तीन महिने परत काढता येत नाही, मग ज्या यंत्रणेला पाठपुरावा जमत नाही तिच्या हाती हे द्यायचं का, असा प्रश्न होता. तो आजही तितकाच खरा.

पहिला डोस पाळीच्या सात दिवसांत, डॉक्टरच्या तपासणीनंतर. बाटली नीट हलवायची, नाहीतर औषध तळाला राहतं. दंडात किंवा कमरेत, आणि टोचल्यावर चोळायचं नाही; चोळलं की औषध लवकर उतरतं. पुढचा डोस दोन आठवडे आधी ते चार आठवडे उशिरापर्यंत चालतो. रक्तदाब १६०/१०० च्या वर असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर देऊ नये.

बायका मध्येच सोडतात त्याचं कारण जवळपास नेहमी एकच: पहिले महिने अंगावरून अधूनमधून जातं, मग पाळी थांबते. वर्षभरात साधारण निम्म्या बायकांची थांबते. हे आधी सांगितलं नाही तर ‘दिवस गेले’ किंवा ‘घाण आत साचते’ असं वाटून ती दुसऱ्या डोसला येत नाही. सांगायला दहा मिनिटं लागतात. आणखी एक सांगायचं राहतं: बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिने लागू शकतात. सहा महिन्यांत मूल हवं असणाऱ्या नवविवाहितेला हे इंजेक्शन देणं चूक.

छाया म्हणजे तीच जुनी ‘सहेली’, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली, १९९१ मध्ये बाजारात आलेली, हार्मोन नसलेली गोळी. ३० मिग्रॅ, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार, तीन महिन्यांनंतर फक्त रविवार. गोंधळ होतो तो या बदलाच्या वेळी: काही जणी दोनदाच घेत राहतात, काही दुसऱ्याच महिन्यात एकदावर येतात. चुकली तर आठवली तेव्हा घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध. सात दिवसांपेक्षा जास्त चुकली तर पहिल्यापासून सुरू. नुकतीच कावीळ झालेली असेल किंवा अंडाशयात गाठींचा त्रास असेल तर नको.

लष्करवाली
अवांतर, पण राहवत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि पुढे प्राध्यापकी गमावली. १० नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांचा संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत रोहम यांनी मांडला, तो पडला. दोघांचा मुद्दा एकच: बाईच्या शरीरावर बाईचा हक्क. ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्द नंतर आला आणि त्याने हा मुद्दा गिळला.

मुरारकर
सगळं खरं, पण कायद्याशिवाय हे होणार नाही असं माझं मत. दोनच मुलांचा कायदा करा, सवलती काढा, बघा कसं जमतं.

जुनीफाईल
मुरारकर, तो प्रयोग आपल्याच राज्यात झालाय. २००० मध्ये पंचायतीला दोन मुलांची अट आली, २००५ मध्ये राज्यानेच काढली. निर्मला बुच (राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव) यांनी मध्य प्रदेशासह पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला होता. त्यात काय दिसलं? सरपंचपद वाचवायला तिसरं मूल नाकारलं, दत्तक दिलं, बायकोला सोडलं, गर्भपात करवला. आणि आपल्या पट्ट्यात ‘दोनच’ म्हणजे ‘दोनांत मुलगा हवाच’. २०११ च्या जनगणनेत मुरैन्यात ० ते ६ वयात हजार मुलांमागे ८२९ मुली. त्या जिल्ह्यात दोनची अट घालणं म्हणजे सोनोग्राफीवाल्याला गिऱ्हाईक देणं.

हरियाणाची अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवली, तरी हरियाणाने पुढे ती स्वतःच मागे घेतली. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये काढली, तिथे तर आता जन्मदर घटल्याची काळजी आहे.

नोकरीची अट मात्र आपल्याकडे वेगळी आहे हे लक्षात ठेवा. १९६१ च्या सेवाशर्ती नियमांत २६ जानेवारी २००१ किंवा त्यानंतर तिसरं मूल झालं तर राज्य सेवेला अपात्र. एका मुलानंतर दुसऱ्या खेपेला जुळी झाली तर सूट आहे. भरतीच्या वेळी कुणी विचारत नाही, कागद तपासताना निघतं.

आणि गरज तरी कुठे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये मध्य प्रदेशाचा एकूण प्रजनन दर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) २.० आहे. स्थिरतेला २.१ लागतो. कायदा करून काय कमी करणार? डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानेच सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलंय की कुटुंब नियोजनात सक्तीला आपला विरोध आहे.

चंबळचं_पाणी
मतदारसंघांचा मुद्दा राहिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी केल्या: ‘लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंब नियोजन’ समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांत) घातलं, आणि लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, म्हणजे कुटुंब लहान ठेवणाऱ्या राज्याला जागा गमवायची भीती नको. ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. म्हणून हा विषय आता पुन्हा तापलाय. त्याच पाहणीत केरळ, तमिळनाडूचा प्रजनन दर १.८, आणि जागा नव्याने वाटल्या तर फायदा आपल्यासारख्या राज्यांना. भोपाळचे नेते या बाबतीत का गप्प असतात ते कळलं असेल.

लष्करवाली
सक्ती उलटी पण असते. १९७९ च्या राज्याच्या आदेशाने बैगांसारख्या काही आदिवासी जमातींची नसबंदी करायला मनाई होती, संख्या घटू नये म्हणून. म्हणजे सहा बाळंतपणं झालेली डिंडोरी-मंडल्याची बैगा बाई स्वतः आली तरी ‘तुला नाही’. आणि तिकडे बिलासपूर जिल्ह्यात त्याच दिवसांतल्या शिबिरांत बैगा बाईही दगावली. एकीला हवं तर मिळत नाही, दुसरीला नको असताना मिळतं. छत्तीसगडात ही बंदी डिसेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने हटवली.

मुरारकर
मुरैन्याचा आकडा माहीत नव्हता. कायद्याबद्दल पुन्हा विचार करायला हवा. तरी पुरुषांनी पुढे यावं असं वाटतं. त्यासाठी कायदा नको तर काय?

सुईदोरा
मुरारकर काका, आधी माहिती. बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही १९७४ मध्ये चीनमध्ये निघालेली पद्धत. जागेवर भूल, सुरी नाही, दहा-पंधरा मिनिटं, अर्ध्या तासाने घरी. पोट उघडायचं नाही, म्हणून बाईच्या ऑपरेशनपेक्षा धोका कितीतरी कमी. ताकद जात नाही, कारण हार्मोन रक्तातून जातं, कापलेल्या नळीतून नाही. वीर्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच राहतं. ४८ तास लंगोट घट्ट, जड उचलायचं नाही, सायकल सात दिवस नाही.

हे शिबिराच्या मंडपात, सगळ्या गावासमोर होणार नाही. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी, बायकांच्या रांगेपासून वेगळ्या खोलीत व्हायला हवं. २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबरच्या पुरुष नसबंदी पंधरवड्यात बॅनर लागतात, पण वर्षाचे उरलेले पन्नास आठवडे शिकलेला सर्जन त्या वारी जागेवर नसतो. तो बसवा, कायदा लागणार नाही.

नवखा_ग्वाल्हेरी
ताई, एक शेवटचं. पुरुषाची झाल्यावर त्या दिवसापासून निर्धास्त ना?

सुईदोरा
नाही! बऱ्याच ‘फसलेल्या’ पुरुष नसबंद्यांची खोड इथेच आहे. पुढच्या नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचाच. शस्त्रक्रियेच्या दिवशीच पुरेशी पाकिटं देणं केंद्राचं काम आहे, मागून घ्या. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं. शुक्राणू शून्य आले तरच प्रमाणपत्र, आणि तेव्हाच निरोध बंद. अजून दिसले तर दर महिन्याला परत, सहाव्या महिन्यापर्यंत. तरीही दिसले तर पुन्हा शस्त्रक्रिया. नमुना घरून आणायचा तर तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा, आणि डब्यावर नावाबरोबर नमुना घेतल्याची वेळही लिहा.